द्राक्षबियांचं तेल : घाण्याआधी आणि घाण्यानंतर



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी फोनवर मला हळूच विचारलं, "सर, पण आमच्या नाशिकच्या द्राक्षांना बी असते कुठे?" शंका रास्त आहे. थॉमसन सीडलेस काय, तास-ए-गणेश काय, ज्या वाणांनी या जिल्ह्याचं नाव परदेशी बाजारात नेलं त्यांच्या मण्यात बीचा नुसता माग उरलेला असतो. बी असते ती वाइनच्या द्राक्षांत. कॅबर्ने सॉव्हिन्यों, शिराझ, शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यों ब्लाँ ही नावं आता इथल्या बागाईतदारांच्या तोंडी बसली आहेत. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, त्यानंतर या परिसरात वायनरी वाढल्या. वायनरी आली की तिच्या मागच्या अंगणात चोथा आला. आज मला बोलायचं आहे ते त्या चोथ्यातल्या बीबद्दल आणि तिच्यातून निघणाऱ्या तेलाबद्दल.

हे तेल दुकानात छोट्या, देखण्या बाटलीत मिळतं. लेबलवर साधारण तीन गोष्टी असतात: कोल्ड प्रेस्ड आहे, अँटिऑक्सिडंटांनी भरलेलं आहे, व्हिटॅमिन ई भरपूर आहे. माझी सगळी नोकरी तेलाच्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत झाली, त्यामुळे लेबल वाचताना माझ्या कपाळाला आठ्या पडतात. या तीन दाव्यांतलं काय बीमुळे येतं, काय यंत्रामुळे येतं आणि काय निव्वळ छापखान्यात तयार होतं, हे आज जरा उलगडून बघू.

आधी बी. वाइनच्या द्राक्षाच्या वजनात ओल्या बियांचा वाटा साधारण तीन-चार टक्के. वाळवलेल्या बीत तेल असतं आठ ते वीस टक्के. वाण, हवामान आणि पक्वता यांवर ते ठरतं. आपण हिशेबाला चौदा धरू. त्या तेलात सगळ्यात मोठा वाटा लिनोलेइक आम्लाचा. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या म्हणजे कोडेक्सच्या तक्त्यात तो ५८ ते ७८ टक्के दिलेला आहे. हा आकडा ऐकून सोलापूर-मराठवाड्याकडच्या मंडळींना काही आठवायला हवं. आपलं करडईचं तेल! कोडेक्समध्ये करडईचं लिनोलेइक सुमारे ६८ ते ८३ टक्के आहे. म्हणजे मेदाम्लांपुरतं बोलायचं तर द्राक्षबीचं तेल हे करडईचं चुलत भावंड. फरक इतकाच, की करडईच्या तेलाची देखणी बाटली करून ती कुणी दिवाळीला भेट दिल्याचं मी पाहिलेलं नाही.

लिनोलेइकचा हा वाटा तेल काढण्याच्या पद्धतीनं बदलत नाही, म्हणजे बदलतो तो इतका किरकोळ की वाणावाणांतला फरक त्याहून मोठा भरतो. दाबून काढा, हेक्झेन या सॉल्व्हंटनं काढा, कार्बन डायऑक्साइडनं काढा, तेलाचा मूळ सांगाडा तोच राहतो. मग पद्धतीनं बदलतं काय? एक, तेल किती हाती लागतं ते. दोन, तेलासोबत काय काय येतं ते: रंगद्रव्यं, मेण, फॉस्फोलिपिड, स्टेरॉल, आणि व्हिटॅमिन ईच्या कुळातले टोकोफेरॉल व टोकोट्रायएनॉल. तेलाची चव, रंग, टिकाऊपणा आणि बऱ्याच अंशी त्याची किंमत या टक्का-दीड टक्क्याच्या सोबत्यांवरच ठरते.

आता पहिली गोष्ट, उतारा. घाण्याच्या तेलाचे चाहते सभागृहात बरेच असतील, म्हणून हिशेब मांडतोच. शंभर किलो शेंगदाणे घेतले. त्यात तेल ४८ किलो, उरलेलं ५२. एक्सपेलरमधून, म्हणजे स्क्रूनं दाबणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या पेंडीत सात टक्के तेल राहतं असं धरा. मग पेंड झाली सुमारे ५६ किलो, तिच्यात अडकलेलं तेल चार किलो, हाती आलं ४४. आता शंभर किलो द्राक्षबी घ्या. तेल १४, उरलेलं ८६. पेंडीत तेच सात टक्के. पेंड झाली साडेब्याण्णव किलो, तिच्यात अडकलं साडेसहा किलो, हाती आलं साडेसात. यंत्र तेच, कसब तेच. शेंगदाण्यात बारा भागांतला एक भाग गेला आणि द्राक्षबीत जवळजवळ निम्मं तेल पेंडीत राहिलं! पेंडीचं पोट किती तेल धरून ठेवतं ते ठरलेलं असतं. ज्या बीत तेलच कमी, तिचं नुकसान जास्त. त्यात ही बी लाकडासारखी कठीण. बैलाच्या किंवा मोटरच्या लाकडी घाण्यात ती टाकाल तर तेल निघण्याआधी घाण्याचीच झीज होईल.

म्हणून एक टन वाइनच्या द्राक्षांपासून सहाशे-सातशे लिटर वाइन होते, आणि त्याच टनातल्या बिया वाळवून दाबल्या तर तेल निघतं दीड किलोच्या आसपास. बाटलीच्या किमतीचं एक मोठं कारण इथंच सापडतं.

एक्सपेलरबद्दल आणखी एक. 'कोल्ड प्रेस' याचा कोडेक्समधला अर्थ असा, की बाहेरून उष्णता न देता निव्वळ यांत्रिक दाबानं काढलेलं तेल. पण स्क्रू आणि बी यांच्या घर्षणानं आतून जी उष्णता तयार होते ती कुणी बाहेरून दिलेली नसते! बी कठीण, दाब जास्त, त्यामुळे तोंडाशी पेंड चांगली गरम होऊन पडते, तेलही कोमटाच्या वर असतं. चांगला कारागीर फेरे कमी ठेवतो, बीतला ओलावा सांभाळतो. ओलावा जास्त असला की बी स्क्रूवर घसरते, दाबच बसत नाही. फार कमी असला की भुगा होऊन तेलात गाळ उतरतो. सात-आठ टक्क्यांच्या आसपास काम जमतं. असं काढलेलं तेल हिरवट, किंचित फळासारख्या वासाचं असतं. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि तोच पुढे घात करतो: पारदर्शक बाटलीत, दुकानाच्या दिव्याखाली हरितद्रव्य उजेड शोषून तेलाच्या ऑक्सिडेशनला हातभार लावतं. हिरवा रंग ग्राहकाला दिसावा म्हणून पांढरी काच वापरायची आणि त्याच काचेतून तेल खवट करायचं, हा उद्योग मी समजू शकतो, माफ करू शकत नाही.

दाबणं ही झाली पहिली पद्धत. दुसरी पद्धत सॉल्व्हंटची. प्रयोगशाळेतलं तिचं छोटं रूप म्हणजे सॉक्सलेट. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी ते उपकरण १८७९ मध्ये मांडलं, तेही दुधातली चरबी मोजण्यासाठी. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली चंबूत हेक्झेन उकळतं, साधारण ६९ अंशांना. वाफ वर जाते, थंड होते आणि कागदी टोपणात ठेवलेल्या बीच्या भुकटीवर थेंब थेंब पडते. द्रव भरत भरत एका बारीक वाकड्या नळीच्या उंचीपर्यंत आला की सगळा एकदम खाली ओढला जातो. पुन्हा भरायला सुरुवात. पहिल्या खेपेला उतरणारा द्रव पिवळसर-हिरवा असतो, तिसऱ्या-चौथ्याला फिका, आणि शेवटी नुसता पाण्यासारखा. तेल संपलं हे डोळ्यांना दिसतं. कारखान्यात हेच काम पट्ट्यावरून सरकणाऱ्या थरावर हेक्झेनचा शिडकावा करून होतं. तेल आणि हेक्झेन यांच्या मिश्रणाला तिथले कामगार मिसेला म्हणतात. मिसेला तापवून हेक्झेन उडवतात, पुन्हा थंड करून वापरात घेतात. पेंडीत उरतं टक्काभर तेल. आपल्याच हिशेबात, शंभर किलो बीतून साडेसात नव्हे, तेरा किलो तेल.

हेक्झेनचं नाव काढलं की लोक दचकतात. राहिलेल्या हेक्झेनवर मर्यादा आहेत: युरोपात तेलात किलोला एक मिलिग्रॅम, आपल्याकडे पाच. पण माझं म्हणणं वेगळं आहे. तेलाच्या चांगल्या सोबत्यांचं हेक्झेन काही वाकडं करत नाही. उलट ते पेशींच्या आतपर्यंत पोचतं, त्यामुळे कच्च्या सॉल्व्हंट तेलात टोकोट्रायएनॉल कोल्ड प्रेसइतके, कधी कधी जास्तही सापडतात. फक्त ते चांगल्याबरोबर वाईटही ओढून आणतं. गम म्हणजे फॉस्फोलिपिड येतात, मेण येतं, गडद रंग येतो. म्हणून सॉल्व्हंटचं तेल खाण्यासाठी तसंच विकता येत नाही, आपल्याकडे कायद्यानंही नाही. त्याला रिफायनरीत जावंच लागतं. तिथं गम काढतात, आम्ल मारतात, मातीनं रंग उतरवतात आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर, निर्वातात, वाफ सोडून वास काढतात. या शेवटच्या पायरीला व्हिटॅमिन ईच्या कुळातले काही रेणू वाफेबरोबर निघून जातात. ते वाया जात नाहीत बरं का. सोयाबीनच्या रिफायनरीत हाच अर्क गोळा करून त्यापासून व्हिटॅमिन ई तयार करतात. तेलातून काढलेलं कॅप्सूलमध्ये भरून त्याच ग्राहकाला दुसऱ्या दुकानातून विकायचं!

म्हणजे ज्याला आपण 'हेक्झेनचा परिणाम' म्हणतो तो पुष्कळदा रिफायनिंगचा असतो. कागदावर दोन्ही एकाच रकान्यात मोडतात म्हणून गल्लत होते.

तिसरी पद्धत मला मनापासून आवडते. १८२२ मध्ये शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच अभियंत्यानं जाड धातूच्या बंद नळीत द्रव आणि गारगोटीचा गोळा ठेवून ती तापवली आणि हलवून कान लावला. गोळा द्रवात आपटल्याचा आवाज यायचा, पण एका विशिष्ट तापमानाच्या वर तो आवाजच बंद झाला. आत द्रवाचा पृष्ठभागच राहिलेला नव्हता! द्रव आणि वायू यांच्यातली सीमा पुसली गेली होती. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ही सीमा ३१ अंश तापमान आणि ७३ वातावरणांच्या जरा खालचा दाब इथं पुसते. त्यापुढे तो वायूसारखा फटीत शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. म्युल्हाइमच्या माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोझेल यांनी १९६० च्या दशकात याचाच उपयोग करून कॉफीतून कॅफीन काढण्याची वाट दाखवली.

द्राक्षबीसाठी साधारण दोनशे ते चारशे बार दाब आणि चाळीस ते साठ अंश तापमान ठेवतात. बी आधी दळावी लागते, नाहीतर वायू कितीही फिरवा, न फुटलेल्या पेशीतलं तेल हलत नाही. तीनशे बारला या वायूची घनता जवळजवळ तेलाइतकीच होते. तरी तेल त्यात विरघळतं ते वजनाच्या टक्काभरच, म्हणजे किलोभर तेलासाठी शंभरेक किलो वायू फिरवावा लागतो. दाब सोडला की वायू मोकळा होतो, तेल खाली उरतं. सॉल्व्हंट उडवण्यासाठी तापवणं नाही, मागे अवशेष नाही. उतारा जवळपास हेक्झेनइतका. फॉस्फोलिपिड या वायूत विरघळत नाहीत, त्यामुळे गम काढायची गरज नाही. शिवाय पहिल्या तासाचं आणि शेवटच्या तासाचं तेल वेगळं ठेवता येतं. टोकोट्रायएनॉल सुरुवातीच्या हप्त्यात जास्त उतरतात.

मग हीच सर्वश्रेष्ठ पद्धत का नाही? पहिलं कारण पैसा. तीनशे बार पेलणारी जाड पोलादी पात्रं, पंप, एकेक घाणा भरून-रिकामा करून चालणारं काम. दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पियोरिया इथल्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात सोयाबीनचं तेल असं काढलं, तेव्हा ते दिसायला सुरेख, पण नेहमीच्या कच्च्या तेलापेक्षा लवकर ऑक्सिडाइझ होणारं निघालं. कारण जे फॉस्फोलिपिड 'घाण' म्हणून आपण मागे ठेवले तेच टोकोफेरॉलच्या मदतीला असायचे. शुद्धता वाढली, आयुष्य घटलं. द्राक्षबीच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या घरात लिनोलेइक असताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

अल्ट्रासाउंड, मायक्रोवेव्ह, सेल्युलेज-पेक्टिनेज एन्झाइमं यांचे शोधनिबंध ढिगानं निघतात. त्या मुख्यतः बीची भिंत मोडण्याच्या युक्त्या आहेत, पुढे तेल कुठल्या तरी जुन्या पद्धतीनंच काढायचं असतं. त्यांच्यावर आज वेळ घालवत नाही.

आता लेबलकडे परत येऊ. अँटिऑक्सिडंट. द्राक्षात जी प्रसिद्ध द्रव्यं आहेत, कॅटेचिन, प्रोअँथोसायनिडिन वगैरे पॉलिफिनॉल, त्यांचा मोठा साठा बीत असतो हे खरं. पण ती पाण्याची आणि अल्कोहोलची दोस्त. तेलाशी त्यांचं जमत नाही. दाबलं तरी ती पेंडीतच राहतात, हेक्झेन त्यांना शिवत नाही, कार्बन डायऑक्साइडही नाही. त्यात अल्कोहोल मिसळावं तेव्हा कुठं थोडी हलतात. लाल वाइनमध्ये बी आठ-दहा दिवस आंबणाऱ्या रसात पडून असते, तेव्हा त्यांतला काही भाग वाइनमध्येच उतरतो. तेलात येतो तो नगण्य अंश. बीच्या अर्काबद्दलचे अभ्यास दाखवून तेल विकणं म्हणजे शुद्ध चलाखी आहे. व्हिटॅमिन ईचंही तसंच. कोडेक्सप्रमाणे या तेलात अल्फा-टोकोफेरॉल किलोला १६ ते ३८ मिलिग्रॅम, सूर्यफुलात ४०३ ते ९३५. या तेलाचं खरं वैशिष्ट्य गॅमा-टोकोट्रायएनॉल, किलोला ११५ ते २०५. तो तेलाला जपतो, पण व्हिटॅमिन म्हणून त्याची ताकद कमी. त्याचा आणखी एक उपयोग सांगतो: सूर्यफुलाची मेदाम्लं इतकी मिळतीजुळती असतात की त्याची भेसळ मेदाम्लांवरून पकडणं अवघड. सूर्यफुलात टोकोट्रायएनॉल जवळजवळ नसतात, म्हणून चोर सापडतो तो इथं.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येतो. तेल काढण्याच्या पद्धतींची तुलना करणारे तक्ते यंत्राच्या तोंडापासून सुरू होतात. बीची गोष्ट मात्र त्याच्या दोन दिवस आधी सुरू झालेली असते, चोथ्याच्या ढिगात. वायनरीतून निघालेला चोथा निम्म्याहून जास्त पाणी असतो. पांढऱ्या वाइनचा चोथा साखरेनं चिकट, लालचा आंबलेला. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी डिसेंबर-जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते, म्हणजे शेवटचा चोथा चांगल्याच उन्हात पडतो. ढिगात हात घालून बघा, आत चटका बसतो. बुरशी आणि बीतली लायपेज एन्झाइमं मिळून तेलाचे रेणू तोडायला लागतात, मुक्त आम्ल वाढतं. कोडेक्समध्ये कोल्ड प्रेस तेलाला आम्लांक चारपर्यंतच चालतो. ढिगात आठवडा काढलेली बी तुम्ही जगातल्या सर्वोत्तम यंत्रात थंडच्या थंड दाबली तरी तेल त्या मर्यादेबाहेर जाऊ शकतं. मग त्याला रिफायनरीचा रस्ता धरावा लागतो आणि थंड दाबण्याचा सगळा खटाटोप पाण्यात जातो.

बरं, घाई करून वाळवलं तर? इथं युरोपचा अनुभव कामाचा आहे. फ्रान्स-इटलीत चोथा मोठ्या प्रमाणावर मद्यार्काच्या भट्ट्यांकडे जातो, तिथून बी वेगळी होऊन फिरत्या ड्रममध्ये वाळते. जिथं भट्टीचा धूर थेट बीवर सोडला जातो तिथं धुरातली बेंझोपायरीनच्या जातीची द्रव्यं बीवर बसतात आणि तेलात उतरतात, कारण ती तेलातच विरघळतात. द्राक्षबीच्या तेलात ती सापडल्याची नोंद अनेकदा झाली आहे. २००१ मध्ये स्पेनमध्ये ऑलिव्हच्या चोथ्याचं तेल बाजारातून मागं घ्यावं लागलं ते याच बेंझोपायरीनमुळे. युरोपात खाद्यतेलात त्याची मर्यादा किलोला दोन मायक्रोग्रॅम आहे. ही द्रव्यं काढायची तर सक्रिय कोळशातून तेल न्यावं लागतं, म्हणजे पुन्हा रिफायनिंग. अशा बीच्या बाबतीत 'अनरिफाइंड' हा शब्द गुणाचा नाही, धोक्याचा आहे. लेबलवर तेल कसं दाबलं ते लिहितात. बी किती तासांत आणि कशाच्या उष्णतेनं वाळवली ते मी आजवर एकाही बाटलीवर वाचलेलं नाही.

कुणी इथल्या वायनरींचा चोथा एकत्र करून तेल काढायचं मनावर घेणार असेल, आणि तसा विचार करणारे दोघं-तिघं आज समोर बसलेत, तर माझा सल्ला सरळ आहे. सॉल्व्हंट प्लांट इतक्या थोड्या बीवर चालणार नाही. कार्बन डायऑक्साइडचा प्लांट वर्षातले नऊ महिने रिकामा ठेवणं परवडणार नाही. एक्सपेलर घ्या, हंगाम संपला की त्यावर करडई, जवस दाबता येईल. निम्मं तेल पेंडीत गेलं म्हणून हळहळू नका. पॉलिफिनॉल त्या पेंडीतच आहेत आणि तिला हेक्झेन लागलेलं नाही, त्यामुळे अर्क काढणाऱ्याला किंवा पीठ करून बेकरीला देणाऱ्याला ती सरळ विकता येईल. कधी कधी पेंडीचा हिशेब तेलाच्या हिशेबाला मागे टाकेल. पण एक्सपेलरच्या आधी ड्रायर घ्या, गरम हवा धुरापासून वेगळी ठेवणारा. आणि त्याची क्षमता वर्षभराच्या तेलावरून काढू नका. फेब्रुवारीत ज्या दिवशी तीन वायनरींचे ट्रॅक्टर एकदम दारात उभे राहतील, त्या एका दिवसाच्या चोथ्याला तो पुरला पाहिजे.